दोन दगडांमधली सेकंदं

आमच्या फियाटचा काटा कायम शून्यावर असायचा. गाडी दारात उभी असो नाहीतर पाचवडच्या पुढे सुसाट सुटलेली असो, तो जागचा हलत नसे. स्पीडोमीटरची केबल तुटली होती. मिस्त्रींनी ती दोनदा बदलली, दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा तुटली, आणि मग अण्णा म्हणाले, "राहू दे आता. वेग कानाला कळतो." त्यांच्या कानाला कळायचा. मला आणि माझ्या धाकट्या भावाला कळत नव्हता, म्हणून आम्ही दगड मोजायला लागलो.

पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड होते. मी चालवायची. भाऊ डावीकडे बसून मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ नाकासमोर धरायचा. दहावी पास झाल्यावर अण्णांनी त्याला घेऊन दिलेलं, चावीचं. दगड खिडकीशी आला की तो म्हणायचा "चालू", पुढचा आला की "बंद". साठ सेकंद लागली तर वेग ताशी ६०. पंचेचाळीस लागली तर ८०. चाळीस लागली तर ९०. आणि छत्तीस लागली तर बरोबर १००. हा हिशेब आम्हाला पाढ्यांसारखा पाठ होता. काही दगड गवतात बुडालेले असत, काही ट्रकने आडवे केलेले. अशा वेळी दोन किलोमीटरचा वेळ धरून निम्मा करायचा. रात्री मोजता यायचं नाही. पावसाळ्यात वायपर चालला तर मोजायचं, नाहीतर नाही.

छत्तीस कधीच आले नाहीत. १९८३ च्या उन्हाळ्यात एकदा अडतीस आले. ताशी जवळजवळ ९५. त्या दिवशी भाऊ जेवताना आईसमोर नुसता हसत होता आणि आई विचारत होती, "काय झालंय याला?"

गाडी १९६६ ची होती, फियाट ११०० डिलाइट. त्याआधीची गोलमटोल ती डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. आमची त्यानंतरची, चौकोनी अंगाची, सरळ दारांची. अण्णांनी ती १९७५ साली मुंबईच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, आणि साताऱ्याच्या वकिलाला तेवढी वर्षं आणि तेवढे पैसे एकदम कुठून मिळणार? तोवर कुर्ल्याच्या कारखान्यातून त्याच जातीची गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने बाहेर पडू लागली होती. १९७२ मध्ये प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. पण नाव कितीही बदललं तरी लोक फियाटच म्हणत राहिले. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. पुढच्या दारांना ती छोटी त्रिकोणी काच, जी नेमक्या कोनात उघडली की वारा थेट मानेवर येई. सीटबेल्ट नव्हतेच. पुढची सीट बाकासारखी सलग, आणि वळणावर जो तो दाराकडे घसरायचा.

त्या गाडीला वास होता. रेक्झिन, पेट्रोल, डिकीत कधीतरी सांडलेलं ऑइल, आणि अण्णांच्या काळ्या कोटाचा वास, जो ते मागच्या सीटवर घडी करून ठेवायचे. आजही एखाद्या जुन्या गॅरेजसमोरून जाताना यातला अर्धा वास अचानक येतो. उरलेला अर्धा अण्णांबरोबर गेला.

मला गाडी शिकवली अण्णांनीच, १९८० साली, मी अठरा पूर्ण केल्याच्या पुढच्याच रविवारी. आधी सैनिक स्कूलच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, मग यवतेश्वरच्या घाटात. त्यांची पद्धत अशी की ते काही बोलायचे नाहीत. गिअर चुकीचा पडला की ते डोळे मिटून घ्यायचे, जसं कुणी बेसूर गायलं की मिटतात. मी दांड्यावर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकायची, तो उतरेपर्यंत थांबायची, मग क्लच. "गाडी सांगते," एवढंच एक वाक्य त्यांनी त्या वर्षात मला शंभरदा ऐकवलं असेल. मला ते तेव्हा उपदेशासारखं वाटे. पण ती खरोखर सांगायची. पन्नासला बोनेट गुणगुणायचं. साठला डाव्या दाराची काच वाजायला लागायची. सत्तरच्या आसपास स्टिअरिंगमध्ये एक थरथर यायची, कोपरापर्यंत चढणारी. पंचाहत्तर ओलांडलं की ती थरथर एकदम नाहीशी व्हायची आणि गाडी क्षणभर कशी मऊ, हलकी वाटायची. त्या मऊपणाचा मोह होता. नव्वदला मात्र सगळंच ओरडायचं. शेजारच्याशी बोलायचं तर किंचाळावं लागे, स्टिअरिंगमधला बोटभर सैलपणा हातभर वाटू लागे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वडाची झाडं, बुंध्यावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेली, एकमेकांना चिकटून भिंतीसारखी मागे जायची.

मी का पळवायची, हे मला पुष्कळ दिवस सांगता आलं नाही. वय हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. साताऱ्यात १९८३ साली एकवीस वर्षांच्या मुलीला एकटं असायला जागा नव्हती. घरात माणसं, कॉलेजात माणसं, राजवाड्यावर फिरायला गेलं तर ओळखीची माणसं, आणि पोवई नाक्यावर मी गाडीतून दिसले की दुसऱ्या दिवशी कुणीतरी अण्णांना कोर्टात विचारणार, "काय वकीलसाहेब, ड्रायव्हर ठेवला नाही का?" लिंब फाटा मागे पडला की हे सगळं मागे पडायचं. त्या आवाजात कुणी काही विचारू शकत नसे. भाऊ होता, पण तो सेकंदं मोजत असायचा. माझे हात, समोरचा रस्ता, आणि ते तापलेलं, धडधडणारं १०८९ सीसीचं हृदय, एवढंच उरायचं. मला ते फार प्रिय होतं. आजही आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पुणं ते सातारा साधारण ११० किलोमीटर. कात्रजचा जुना बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळ्याला नीरेचा पूल, शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकीचा घाट, सुरूर, भुईंज, पाचवड. सगळा रस्ता एकेरी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला मिळून एकच पट्टी. समोरून ट्रक आला की दोघांनीही एकेक चाक मातीत उतरवायचं. हे अंतर आम्ही एकदा एक तास पन्नास मिनिटांत कापलं आणि ती गोष्ट मी माझ्या मैत्रिणींना कितीतरी वर्षं सांगत होते. म्हणजे सरासरी ताशी ६०. आज एसटीच्या गाडीत बसलेल्या माणसालाही त्यात काही वाटणार नाही. पण त्या साठमध्ये काय काय होतं! उन्हाळ्यात बोनेटखालच्या पेट्रोलच्या पंपातच वाफ धरायची आणि गाडी आचके देऊन बंद पडायची. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. चढाला रेडिएटर उकळायचा, तेव्हा घाटातल्या खामजाईच्या देवळाजवळच्या टाक्यातून डबा भरून आणायचा. ठिणगी देणाऱ्या पॉइंटमध्ये कचरा आला तर पॉलिश पेपरने घासायचे. त्या एक तास पन्नास मिनिटांत यातलं काहीही घडलं नव्हतं, म्हणून तो विक्रम.

डिसेंबर १९८४. आत्याला पुण्याला सोडून आम्ही दोघं परत येत होतो. खंडाळा सोडलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. घाट चढताना पुढे दोन ट्रक होते आणि आम्ही त्यांच्या धुरात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चढलो. माथ्यावर एकदाची वाट मोकळी झाली. मी दोन्ही ट्रक मागे टाकले आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली. तेव्हा पुष्कळजण असं करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. मी पेट्रोलसाठी नव्हतं केलं. इंजिनाचा आवाज एकदम थांबायचा आणि गाडी नुसती वाऱ्याच्या आवाजावर घरंगळायची, ते मला हवं होतं.

पहिल्या दोन वळणांना ब्रेक नेहमीसारखा लागला. तिसऱ्याला पाय जरा जास्त खाली गेला. चौथ्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि तो फळीपर्यंत गेला. काहीही लागलं नाही. मी पुन्हा दाबला, पुन्हा, पंप मारल्यासारखा. किंचित धरल्यासारखं वाटलं आणि सुटलं. त्याच वेळी वास आला. जळक्या केसांचा आणि जळक्या रबराचा मिळून असतो तसा, घशात बसणारा. भाऊ म्हणाला, "ताई." एवढंच. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी गाडी तिसऱ्यात घालायचा प्रयत्न केला, गिअर ओरडला. पाय ॲक्सिलरेटरवर दाबून इंजिन चढवलं, मग घातला, आणि पडला. गाडी मागून कुणी शेपूट धरावं तशी ओढली गेली. मग दुसरा. वळण आम्ही उजव्या अंगाने, पूर्णपणे चुकीच्या बाजूने घेतलं. समोरून कुणी येत नव्हतं. याचं श्रेय माझ्या कौशल्याला नाही; त्या मिनिटाला खालून कुणी चढत नव्हतं, बस. पुढे डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती, तिच्यात मी डावी चाकं घातली आणि गाडी थांबली.

मागे टाकलेल्या दोन ट्रकांपैकी एक आमच्यापाशी थांबला. चालक उतरला. मी पाण्याचा डबा घेऊन चाकाकडे निघाले होते, तो लांबूनच ओरडला, "ताई, पानी नका मारू! ड्रम तडकंल!" मग जवळ येऊन त्याने हळू आवाजात सांगितलं की तापल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते फुटतं, नुसतं बसा, वारा लागू द्या. त्याने बिडी पेटवली, आमच्याकडे न बघता दरीकडे बघत उभा राहिला, आणि ती संपल्यावर म्हणाला, "ज्या गिअरमधी चढलाव त्याच गिअरमधी उतरायचं. न्यूट्रल नाय करायची." हे वाक्य मला पाठ होतं. अण्णांनी यवतेश्वरला शिकवलेलं. मी मान खाली घातली. तो आमच्या मागे मागे घाटाच्या पायथ्याच्या वेळे गावापर्यंत आला, दिवे देत, आणि मग हात हलवून पुढे गेला.

घरी आम्ही काही सांगितलं नाही. अण्णा ओसरीवरून उठून आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि प्रत्येक चाकापाशी वाकून, न टेकवता, तळवा धरला. जसा आपण तव्यावर धरतो. पुढच्या डाव्या चाकापाशी त्यांचा हात जास्त वेळ थांबला. मग म्हणाले, "हातपाय धुवा, जेवण वाढलंय."

मी त्या रात्री शिव्यांची वाट बघत जागी होते. त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी मला घेऊन थेट खंबाटकी गाठली. ओलांडून पलीकडे उतरलो, मग परत फिरून चढलो, आणि माथ्यावर गाडी थांबवून ते म्हणाले, "आता वेळ्यापर्यंत उतरव. ब्रेकला पाय लावायचा नाही." दुसऱ्या गिअरवर, इंजिनाचा हंबरडा ऐकत, एका गाईच्या चालीने आम्ही तो सगळा घाट उतरलो. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. खाली पोचल्यावर त्यांनी मला उतरवलं, माझं मनगट धरलं आणि तळवा चाकापाशी नेला. चाक गार होतं.

भाऊ तेव्हा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. त्याने नंतर वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. गाडी आणि आम्ही दोघं मिळून हजार किलो धरायचे. शंभर मीटर खाली उतरताना ब्रेकने जेवढी उष्णता गिळायची, तेवढ्यात तीन लिटर गार पाणी उकळेल. आणि ती सगळी कुठे जाणार, तर चार बंद डब्यांत. ड्रम तापला की फुगतो, बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत घासणाऱ्या लायनरपासून लांब. लायनर तापला की त्याची पकड जाते. ब्रेकचं तेल फार तापलं तर त्यात वाफ धरते आणि मग पायाखाली उरतो तो नुसता फुगा. "तू पाच मिनिटांत सगळं केलंस," तो म्हणाला. त्याने दुसराही हिशेब मांडला होता. वेग साठवरून नव्वद केला तर वाटतं दीडपट झाला. पण थांबवताना ब्रेकने गिळायची उष्णता सव्वादोन पट होते. ते पान माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय, शाई नाही.

त्यानंतर मी गाडी पळवायची थांबले असं नाही. सरळ रस्त्यावर, दिवसा, पळवतच राहिले. पण १९८६ च्या जानेवारीत आमच्या कॉलेजातला एक मुलगा भुईंजजवळ गेला. हंगाम चालू होता, रात्री उसाच्या बैलगाड्या रांगेने कारखान्याकडे जात होत्या, मागे दिवा नाही, कंदील असेल तर तो धुरकटलेला. त्याची अँबॅसिडर शेवटच्या गाडीवर गेली. गाडीवानही वाचला नाही. तो मुलगा आमच्याइतकाच पळवायचा, आमच्यापेक्षा वाईट चालवत नव्हता. त्या महिन्यात आम्ही दोघं एकदाही दगड मोजायला बसलो नाही, आणि नंतर तो खेळ आपोआप मिटला. त्याच्या आईला मी पुढे दोन-तीनदा भेटले. तिने मला गाडी चालवताना पाहिलं की ती उभी राहून, मी वळेपर्यंत बघायची.

१९९२ मध्ये अण्णांनी फियाट कोरेगावच्या एका माणसाला विकली. किल्ली देताना त्यांनी त्याला स्पीडोमीटरबद्दल काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "घाटात न्यूट्रल करू नका." पुढे रस्ता सुवर्ण चतुष्कोनात गेला, चौपदरी झाला, वड तुटले. खंबाटकीला बोगदा झाला, पण एकाच बाजूचा: साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा, आणि पुण्याहून येताना २०२३ मध्येही तोच जुना घाट. अण्णांना शेवटच्या वर्षांत मी दवाखान्यासाठी पुण्याला नेत असे. नव्या गाडीत, काचा बंद, एसी लावलेला. एकदा शिरवळच्या पुढे त्यांनी विचारलं, "वेग चाळीस आहे का गं?" मी काट्याकडे बघितलं. पंच्याण्णव होता. मी म्हटलं, "हो, तेवढाच असेल." त्यांना दिसत नव्हतं फारसं, आणि कानाला आता सांगणारं काही नव्हतं. त्यांनी काच खाली करायला सांगितली. वारा आत आला तसे ते सावरून बसले. "चाळीस नव्हे," म्हणाले, आणि मग पुण्यापर्यंत काच त्यांनी वर करू दिली नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून उतरली. भावाने मला बातमी पाठवली, खाली काही लिहिलं नव्हतं. मी फोन केला. तो म्हणाला, "डिसेंबरात येतो. पुण्याहून तूच ने मला."

आला. डोक्याचे केस सगळे गेलेत, गुडघा दुखतो, पण बसल्याबरोबर त्याने सीट पुढे ओढून घेतली, पूर्वी बसायचा तशी. सारोळ्याचा पूल मागे पडला तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि त्यावरचं स्टॉपवॉच लावलं. मी हसले नाही. रस्ता मोकळा होता. दगड आला, तो म्हणाला, "चालू." गाडीत आवाज नव्हता. स्टिअरिंगवर माझी दोन बोटं होती. रेडिओवर कुणीतरी बोलत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"बंद."

त्याने फोन माझ्याकडे वळवला. छत्तीस. वर थोडे दशांश. आम्ही दोघं ते बघत राहिलो. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि रेडिओ बंद केला. खंडाळ्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

घाटाच्या माथ्यावर मी एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या आणि गिअर दुसऱ्यात आणला. ती गाडी दुसऱ्या गिअरवर ओरडायला लागली, जरा बारीक आवाजात, पण ओरडायला लागली. मागून एक-दोघांनी हॉर्न दिले. चौथ्या वळणाला भावाचा हात नकळत डॅशबोर्डवर गेला. खडी टाकलेली ती जागा आता सिमेंटची भिंत आहे.

वेळ्याला खाली पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली. तो उतरला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून पुढच्या डाव्या चाकापाशी वाकला, आणि तळवा धरला.

"गार आहे," म्हणाला.